मधले दार

नांदेडहून अर्धापूरमार्गे उत्तरेकडे निघालेला रस्ता वारंगा फाट्यावर येऊन दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे जाते. दुसरी यवतमाळ करीत नागपूरकडे. येथे थांबणाऱ्या बहुतेकांना आणखी कोठे तरी पोचायचे असते. एस.टी.चा चालक पाय मोकळे करतो, ट्रकवाला टायर तपासतो, प्रवासी येथील नावाजलेली खिचडी खातात आणि हात पुसत पुन्हा गाडीत चढतात. फाट्यावर दुकान मांडणाऱ्याला एक गोष्ट लवकर उमगते : गिऱ्हाईक थांबेल तेवढाच वेळ धंद्याचा. आणि सर्वाधिक गिऱ्हाईक थांबते ते दिवेलागणीच्या सुमारास.

जैन घरात नेमकी तीच वेळ जेवणाची. सूर्य मावळण्यापूर्वी ताटे उचलली गेली पाहिजेत. गल्ला आणि ताट यांची वेळ अशी एकावर एक येते. जुन्या पिढीतील व्यापाऱ्यांनी या अडचणीवर शोधलेला उपाय त्यांच्या घराच्या बांधणीतच होता. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि दोहोंच्या मध्ये एक दार.

फाट्यावरील किराणा व भुसार मालाच्या अशाच एका दुकानात हे मधले दार दिवसभर उघडे असे. दुकानमालकाच्या आईला घरातले आणि बाहेरचेही सगळे ‘बाई’ म्हणत. हिंगोली जिल्हा १९९९ साली वेगळा झाला, तरी पत्ता सांगताना त्यांच्या तोंडी अजून परभणीच येते. सूर्य कलला की बाई दारातून नुसते डोकावत. हाक मारण्याची गरज नसे. वडील उठले की मुलगा गादीवर बसे, मुलगा उठला की वडील. जेवण दहा मिनिटांत आटोपे, पण त्या दहा मिनिटांत कोणाचा ताप उतरला, कोणाला शाळेत मार बसला, कोणत्या विहिरीचे पाणी आटले, हे सारे कळून जाई. दुपारी त्याच दारातून चहा येई. शेजारचा खिचडीवाला हा मालकाचा बालपणापासूनचा मित्र. एक चहा दोन पेल्यांत ओतून दोघे ओट्यावर बसत. बोलणे फारसे नसेच. पेला रिकामा होईपर्यंत दोघांपैकी कोणी उठत नसे, इतकेच.

त्या दाराच्या उंबरठ्यावर मोत्या झोपे. तो विकत आणलेला नव्हता, पाळलेलाही नव्हता. एका पावसाळ्यात भिजत आला आणि राहिला. बाईंचे सोवळे कडक. स्वयंपाकघरात आणि देवघराच्या बाजूला त्याला मज्जाव होता, आणि मोत्याने ती मर्यादा पहिल्या आठवड्यातच ओळखली. मात्र पहिली भाकरी त्याची. घरातले कोणी ताटावर बसण्यापूर्वी ती त्याच्यापुढे जाई, आणि कोरडी जात नसे; वर तुपाचे बोट फिरवलेले असे. त्यामागे एक कथा होती. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी याच जिल्ह्यात. कुत्र्याने भाकरी पळवली तेव्हा, ती कोरडी खाऊ नकोस, असे विनवीत नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही आख्यायिका या भागातील आज्या नातवंडांना सांगत आल्या आहेत. बाईंनीही ती नातीला सांगितली होती. नातीने कथा ऐकली आणि तुपाचे बोट फिरवण्याचे काम आपल्याकडे घेतले.

नात पाच वर्षांची झाली तेव्हा बिऱ्हाड नांदेडला हलले. कारण रास्त होते. शाळा चांगली, दवाखाना जवळ, मंदिर जवळ, सुनेचे माहेरही त्याच शहरात. अंतर सुमारे चाळीस किलोमीटर. रोज जाऊन येणे सहज जमेल, असे सर्वांनी मानले. बाई मात्र हलल्या नाहीत. दुकानामागच्या दोन खोल्या, तुळशीजवळचा दगड आणि मोत्या यांना सोडून त्यांना करमणार नव्हते.

मालकाचा दिवस मग असा ठरून गेला. सकाळी आठला नांदेड सोडायचे, नवाच्या सुमारास शटर वर करायचे, संध्याकाळचे जेवण बाईंच्या हातचे घ्यायचे, पुन्हा गादीवर बसायचे आणि नऊनंतर घरी पोचायचे. पोचल्यावर घर शांत असे. मुलगी झोपलेली असे. सकाळी ती दप्तर भरत असताना त्यांच्या कानाशी फोन असे, कारण बाजारभावाची चौकशी त्याच वेळी करावी लागे. दोन वर्षे अशी गेली. कोणाचे भांडण नव्हते, कोणाची तक्रार नव्हती. फी वेळेवर भरली जात होती आणि मुलीच्या नावाची ठेव दरवर्षी वाढत होती.

महिन्यातून एखाद्या रविवारी मुलगी वडिलांबरोबर फाट्यावर येई. अशाच एका रविवारी ती गाडीतून उतरली, गादीजवळून धावत मधल्या दारापाशी गेली आणि उंबरठ्यावर बसली. मोत्या आता म्हातारा झाला होता; त्याने फक्त शेपटी हलवली आणि डोके तिच्या मांडीवर ठेवले. ती त्याच्याशी बोलू लागली. खो-खोच्या संघात तिचे नाव आले होते. बाकावर शेजारी बसणारी मैत्रीण दुसऱ्या रांगेत गेली होती. आणि पुढचा दात पडला होता, तो तिने कंपासपेटीत ठेवला होता.

वडील दाराच्या अलीकडे पावत्या लावत होते. त्यांनी मान वळवून पाहिले. दात खरोखरच नव्हता.

“कधी पडला गं?”

“बुधवारी.”

“मला सांगितलं नाहीस.”

“रात्री मी झोपले होते. सकाळी तुम्ही फोनवर होतात, पप्पा.”

तिच्या स्वरात रुसवा नव्हता. विचारले म्हणून तिने सांगितले आणि ती पुन्हा मोत्याकडे वळली. वडिलांना रागावण्यासारखे काही सापडले नाही, आणि समजूत घालण्यासारखेही नाही. चार दिवस ते मूल समोर वावरत होते आणि तोंडातील खिंड त्यांना दिसली नव्हती.

त्याच दुपारी त्यांना एक नेहमीचे काम उरकायचे होते. पांजरपोळीला दरवर्षी जाणारी देणगी पाठवायची होती. या घराची ही रीत तीन पिढ्यांची. देणगीच्या पावत्यांची फाइल वेगळी ठेवलेली असते. व्यापारी समाजाला या परंपरेचा अभिमान वाटावा, असा तिचा इतिहास आहे. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा हुकूम निघाला, तेव्हा पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवून विरोध केला होता. पुढे दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि शहरातील जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने भुलेश्वर भागात पांजरपोळ उभी राहिली. गल्ल्यातील पैशाला मुक्या जिवाच्या उपयोगाला आणण्याची ही वाट तेव्हापासून रुळलेली आहे.

त्या दिवशी मात्र रक्कम लिहिताना त्यांना बालपणी पाठशाळेत घोकलेली एक यादी आठवली. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार : बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. आपल्या आश्रयाला असलेल्या जिवाला डांबून ठेवणे, मारणे, त्याचा अवयव छेदणे, त्याच्यावर झेपणार नाही इतका भार लादणे आणि त्याचे अन्नपाणी अडवणे. यांतील शेवटचा दोष विशेष विचार करण्याजोगा आहे. पहिल्या चारांमध्ये काहीतरी केले जाते; पाचव्यात द्यायचे ते दिले जात नाही, एवढेच घडते. म्हणून तो करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. गोठ्यातील बैलाची वैरण चुकली तर मालकाच्या हातावर रक्त दिसत नाही. तो आपल्या कामात गुंतलेला असतो. बाई आधी मोत्याला वाढून मग स्वतः बसत, ते याच शिकवणीमुळे.

अन्नपाणी म्हणजे केवळ भाकरी आणि पाणी, असा शास्त्राचा शब्दार्थ आहे. पण घरातले माणूस आणि दारातले जनावर ज्यावर जगते, त्यात भाकरीबरोबर आणखी काही असते, हे मोत्याकडे पाहिले तरी कळते. भाकरी ठेवून बाई आत गेल्या तर तो ती लगेच खात नसे. बाई उंबरठ्याशी टेकल्या की मग तो तोंड लावी. नांदेडच्या घरी ताट रोज वेळेवर वाढले जात होते. वाढणाऱ्या आईबरोबर मुलगी जेवत होती. तिच्या वडिलांच्या वाट्याचे जे काही होते, ते मात्र दोन वर्षे अडून राहिले होते.

आठवड्यातील एक दिवस संध्याकाळी पाचला शटर ओढायचे, असे त्यांनी ठरवले. दिवस बुधवार. ही गोष्ट दूरच्या माणसाला क्षुल्लक वाटेल. फाट्यावरच्या दुकानदाराला वाटणार नाही. पाच ते आठ हे तीन तास म्हणजे दिवसाच्या विक्रीचा कणा. मित्र ओट्यावर येऊन म्हणालाच, “शेठ, हळदीचा हंगाम तोंडावर आलाय आणि तू शटर ओढतोस? गिऱ्हाईक एकदा समोरच्या दुकानात गेलं की परत येत नाही रे.”

“जाईल ते जाईल,” शेठ म्हणाले.

मित्राने पुढे वाद घातला नाही. दुसऱ्या बुधवारपासून बंद शटरपुढे कोणी येऊन उभे राहिले की तो आपल्या भट्टीजवळूनच ओरडून सांगू लागला, “उद्या सकाळी या, शेठ घरी जेवायला गेलेत!”

बुधवारची घट किती, हे त्यांनी रोजमेळाच्या मागच्या पानावर काही महिने लिहून ठेवले. हिशेब लपवण्याची त्यांना सवय नव्हती. घट स्पष्ट दिसत होती, आणि गुरुवारी तिची पूर्ण भरपाई होत नव्हती.

घरी पोचल्यावर लगेच काही विलक्षण घडले, असेही नाही. पहिल्या बुधवारी मुलगी शिकवणीला गेलेली होती. ती आली तेव्हा सूर्य मावळायला थोडाच अवधी उरला होता आणि सगळे घाईघाईने जेवले. दुसऱ्या बुधवारी त्यांनी तिला अभ्यासाविषयी विचारले आणि तिने गुण सांगितले. पुढे काय विचारावे हे त्यांना सुचेना. मोत्याने तर कधी काहीच विचारले नव्हते, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. तिसऱ्या बुधवारपासून ते विचारीनासे झाले आणि शेंगा सोलायला बसू लागले. मग तीही येऊन बसू लागली.

चैत्रात हळदीची आवक वाढली. एका बुधवारी पावणेपाचला दूरच्या गावचा एक शेतकरी गाडीभर पोती घेऊन आला. शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे, या सगळ्यांत अंगाचा पिवळा रंग अजून न उतरलेला तो माणूस. त्याला परत पाठवणे हाही एक निरोधच झाला असता. काटा लागला, पोती मोजली गेली आणि निघायला साडेसात वाजले. त्यांनी घरी फोन केला आणि प्रथमच पत्नीऐवजी मुलीला फोनवर बोलावले. “आज येत नाही गं जेवायला. हळद आली.”

“किती पोती?” तिने विचारले.

त्यांनी आकडा सांगितला. तिने तो जपून लिहून घेतल्यासारखा पुन्हा म्हटला.

आता कधी कधी बुधवारी बाईही नांदेडला येतात. मोत्याची भाकरी त्या दिवशी खिचडीवाला मित्र ठेवतो, तुपाचे बोट न विसरता, आणि मोत्या खाईपर्यंत जवळच्या दगडावर बसून राहतो. नव्या घराला मधले दार नाही. बाईंना ते चुकल्यासारखे वाटते आणि त्या स्वयंपाकघराच्या चौकटीतच खुर्ची ओढून बसतात.

मागील बुधवारी शेठ चपला काढत असतानाच मुलगी धावत आली. तिने तोंड उघडून खालच्या दाताकडे बोट दाखवले.

“हलतोय. हात लावून बघा.”

हात रस्त्याच्या धुळीने भरले होते. “थांब, धुऊन येतो,” असे म्हणून ते मोरीकडे गेले. ती तोंड तसेच उघडे ठेवून उभी राहिली. परत येऊन त्यांनी हलक्या बोटाने दात चाचपला. दात सैल झाला होता. अजून पडला नव्हता.