हेल्मेटमधला आवाज बंद पडतो तेव्हा

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आम्हा शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन विषय सुरू होतात. एक, पेपर तपासून कधी होणार. दुसरा, यंदा मोटारसायकली घेऊन कुठे जायचं. काही वर्षांपूर्वी या दुसऱ्या विषयात पेट्रोलचा खर्च, पंक्चरचं सामान आणि रेनकोट एवढंच असायचं. आता तरुण शिक्षकांचा पहिला प्रश्न असतो, "सर, हेल्मेटमधलं इंटरकॉम वाटेत चार्ज कसं ठेवायचं?"

ज्यांनी हे यंत्र पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हेल्मेटच्या डाव्या बाजूला एक छोटी डबी बसवतात. आत कानांपाशी दोन चपटे स्पीकर आणि तोंडापाशी माइक. ब्लूटूथने ते मोबाईलला जोडता येतं आणि सोबतच्या दुसऱ्या हेल्मेटलाही. रस्ता सांगणारा आवाज, गाणी, फोन आणि पुढच्या-मागच्या गाडीवरच्या मित्राशी गप्पा, हे सगळं त्या एका डबीतून. डबीतली बॅटरी मोबाईलच्या बॅटरीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी. खोक्यावर दहा-बारा तासांचा दावा असतो, पण दुपारच्या जेवणानंतर कुणाच्या तरी हेल्मेटमधून बॅटरी कमी झाल्याची सूचना ऐकू येतेच. मग खरी गडबड सुरू होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हे यंत्र गाडी थांबल्यावरच चार्ज करावं, चालत्या गाडीवर कधीही करू नये. आणि सफरीची आखणी अशी करावी की यंत्र साफ बंद पडलं तरी कुणालाही घाई करायची वेळ येऊ नये. पहिली गोष्ट सोपी आहे, दुसरी अवघड. पण जीव दुसरीवर अवलंबून आहे.

आधी सोपी गोष्ट घेऊ. बॅटरी लवकर का संपते? खोक्यावरचे तास हे साधारण आवाजात, एकाच कामासाठी वापरलं तर मिळणारे असतात. आपण एका वेळी तीन कामं करतो. गाणी चालू, मधूनच रस्त्याची सूचना, वर पाच जणांच्या गप्पा. वाऱ्याच्या आवाजामुळे स्पीकर पूर्ण मोठा ठेवतो. अनेक गाड्यांना एकत्र जोडणारी मेश पद्धत दोघांच्या साध्या ब्लूटूथ जोडणीपेक्षा जास्त बॅटरी खाते. घाटात एखादी गाडी मागे राहिली की यंत्र तिला शोधत बसतं, त्यातही चार्ज जातो. शिवाय लिथियम बॅटरी म्हातारी होते. तीनशे ते पाचशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद घटते. नवं असताना दिवसभर पुरणारं यंत्र तिसऱ्या वर्षी दुपारीच मान टाकतं, यात नवल नाही.

उपायही साधे आहेत. रात्री लॉजवर पोहोचल्यावर चहाच्या आधी हेल्मेटची वायर लावावी. दीड-दोन तासांत काम होतं. छोट्या लॉजमध्ये सॉकेट एकच असतं, तेही टीव्हीच्या मागे, आणि त्यावर चार मोबाईल टपलेले असतात. म्हणून दोन-तीन तोंडांचा चार्जर आणि एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड सामानात ठेवावा. काही लॉजमध्ये किल्लीचं कार्ड काढलं की खोलीची वीजच जाते. यंत्र लावून जेवायला गेलात तर परत आल्यावर ते तसंच असतं, हेही ध्यानात ठेवावं.

वायरीची एक गंमत आहे. काही स्वस्त यंत्रांना सी टाइपचं तोंड असतं, पण दोन्ही टोकांना सी असलेली वायर लावली की ती चार्जच होत नाहीत. चार्जरच्या बाजूला जुनं चौकोनी तोंड असलेली वायर लावली की होतात. यंत्र बिघडलं म्हणून दुकान शोधत फिरण्याआधी वायर बदलून पाहावी. पॉवर बँकेचंही तसंच. छोट्या यंत्राला वीज कमी लागते, त्यामुळे काही पॉवर बँका "काहीच जोडलेलं नाही" असं समजून आपोआप बंद होतात. निघण्याआधी घरीच एकदा जोडून अर्ध्या तासाने पाहावं. एरवी दहा हजार एमएएचची पॉवर बँक वाया जाणारी वीज धरूनही इंटरकॉम पाच-सहा वेळा भरू शकते. म्हणजे दोन दिवसांच्या सफरीला एकच पॉवर बँक दोघांना सहज पुरते.

दिवसा थांबे तर आपण घेतोच. आमच्यात जोहर आणि असरच्या वेळी गाड्या थांबतातच, जेवणाचा आणि चहाचा थांबा वेगळा. दर थांब्याला वीस-पंचवीस मिनिटं वायर लावली तर संध्याकाळपर्यंत अडचण येत नाही. फक्त एक विनंती आहे. मशिदीच्या सॉकेटला न विचारता वायर लावू नका. ती वीज लोकांच्या पैशाची, म्हणजे अमानत आहे. मुअज्जिन साहेबांना विचारलं तर ते नाही म्हणणार नाहीत. पण विचारणं आपलं काम आहे. ढाब्यावर, शाळेत, पेट्रोल पंपावरही हाच नियम असावा.

ऊन आणि पाऊस, दोन्हींपासून यंत्राला जपावं लागतं. काळं हेल्मेट भर दुपारी सीटवर उन्हात ठेवून तसंच चार्जिंगला लावणं हा बॅटरीवर जुलूम आहे. लिथियम बॅटरी साधारण पंचेचाळीस अंशांवर गेली की चार्ज करू नये. मराठवाडा-विदर्भाच्या मे महिन्यात नुसती हवाच तिथवर पोहोचते. लडाखला जाणाऱ्यांनी उलट बाजू लक्षात ठेवावी. थंडीत बॅटरी लवकर उतरते आणि शून्याखालच्या तापमानात चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते. खोलीत, उबेत आणून मगच वायर लावावी. आणि आम्हा कोकणवाल्यांचा शत्रू म्हणजे पाऊस. चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण उघडं राहिलं की यंत्राच्या पाणी न शिरण्याच्या दाव्याला अर्थ उरत नाही. ओलं तोंड आधी सुकू द्यावं.

आता त्या चालत्या गाडीवरच्या वायरीकडे येतो. हँडलजवळच्या यूएसबी सॉकेटमधून हेल्मेटपर्यंत वायर नेणारे तरुण मी पाहिले आहेत. काही जण पॉवर बँक जॅकेटच्या खिशात ठेवून मानेमागून वायर वर नेतात. त्यांचं म्हणणं, "सर, चार्जिंगही होतं आणि बोलणंही चालू राहतं." काही नव्या यंत्रांत हे शक्य आहे, हे खरं. पण रस्त्यावर पडणारा माणूस आणि त्याची गाडी एका दिशेला जात नाहीत. अशा वेळी डोकं गाडीला बांधलेलं असावं, असं कुठल्या शहाण्याला वाटेल? वायर सुटेल, तुटेल, असं आपण गृहीत धरतो. ती मानेभोवती अडकणार नाही याची हमी कोण देणार? खिशातल्या पॉवर बँकेवर बरगड्या आपटल्या तर काय होईल, याचाही विचार करावा. मोबाईलसाठी गाडीवर यूएसबी सॉकेट जरूर बसवा. तो फ्यूज लावून आणि इग्निशनशी जोडून घ्या, म्हणजे गाडी बंद असताना तिची बॅटरी उतरत नाही. पण हेल्मेटची वायर गाडी उभी असतानाच लावा.

त्याहून वाईट म्हणजे स्पीकर नीट बसावेत म्हणून हेल्मेटच्या आतलं थर्माकोल ब्लेडने कोरणारे. टक्कर झाली की तेच थर्माकोल चेपून डोक्याचा मार सोसतं. ते कोरलं की आपण गाण्यासाठी कवटीची ढाल पातळ करतो. हजार रुपयांचं हेल्मेट आणि त्यावर सहा-सात हजारांचं यंत्र, असा हिशेब मला तर उलटाच वाटतो. 2022 साली देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसं गेली. त्यांतली 50,029 माणसं हेल्मेट न घातलेली होती. हेल्मेटचं पहिलं काम डोकं वाचवणं आहे, आवाज ऐकवणं नंतर.

आता अवघड गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण रत्नागिरीहून विजापूरला निघालो होतो. साखरप्याच्या पुढे आंबा घाट चढताना सर्वांत मागच्या सरांचं यंत्र बंद पडलं. त्यांना काहीच झालं नव्हतं, ते आरामात येत होते. पण पुढे चाललेल्या आमच्या गणिताच्या सरांना दोन हाकांना उत्तर मिळालं नाही. ते घाबरले आणि वळणावरच गाडी फिरवून माघारी निघाले. वरून एसटी उतरत होती. चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून ती सफर पुढे सुरू राहिली. मी मधल्या गाडीवर होतो, हे सगळं डोळ्यांसमोर झालं.

कोल्हापुरात पोहोचेपर्यंत मी याच गोष्टीचा विचार करत होतो. हीच माणसं दहा वर्षांपूर्वी याच घाटातून यंत्राशिवाय जायची. आरशात मागच्याचा दिवा दिसला की पुरे व्हायचं. दिसला नाही तर रुंद, मोकळी जागा पाहून बाजूला थांबायची. शांतता हा तेव्हा धोक्याचा इशारा नव्हता, तो प्रवासाचा नेहमीचा भाग होता. यंत्र आल्यावर आपण सतत आवाजाची सवय लावून घेतली आणि आवाज थांबला की काळीज थांबतं. बॅटरी संपण्यात धोका नाही. धोका आहे तो आपण तिच्यावर जे ओझं टाकलं त्यात.

कुणी म्हणेल, इंटरकॉम सुरक्षेसाठीच तर आहे. पुढचा माणूस "खड्डा आहे", "गुरं आहेत", "डंपर येतोय" म्हणून सांगतो. अगदी मान्य, म्हणूनच मी ते काढून फेका म्हणत नाही. पण ही वाक्यं दोन-तीन शब्दांची असतात. दिवसभर तेवढंच बोललं तर जुनी बॅटरीही रात्रीपर्यंत टिकेल. चार्ज संपतो तो क्रिकेटच्या चर्चेत, मुख्याध्यापकांच्या तक्रारीत आणि गाण्यांत. चार्जिंग वाचवण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे कमी बोलणं, आणि रस्त्यावर लक्ष राहण्याचाही तोच उपाय.

यामागे अभ्यासही आहे. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर यांनी 2001 साली सहकाऱ्यासोबत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की फोन हातात धरून बोला किंवा हात मोकळे ठेवून बोला, लक्ष जवळपास सारखंच ढळतं. कारण अडकतं ते मन. त्यांच्या गटाने पुढे 2008 साली आणखी एक फरक दाखवला. शेजारी बसलेला माणूस रस्ता अवघड झाला की बोलणं कमी करतो किंवा रस्त्याबद्दलच बोलू लागतो. फोनवरच्या माणसाला रस्ता दिसतच नाही. हे प्रयोग मोटारीच्या चालकांवरचे, पण धडा आपल्यालाही लागू आहे. मागे बसलेली बायको समोर ट्रक पाहून बोलता बोलता गप्प होते. दोन वळणं पुढे गेलेला मित्र मात्र विनोद पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही, कारण तुमच्यासमोर काय आहे ते त्याला दिसत नसतं.

म्हणून आता आमच्या गटाचे चार नियम आहेत. घाटात, गावातून जाताना आणि अंधार पडल्यावर फक्त कामाचं बोलायचं, गाणी बंद. ज्याची बॅटरी कमी झाली त्याने बंद पडण्याआधी सांगायचं आणि सर्वांत पुढे किंवा सर्वांत मागे न राहता मध्ये यायचं. प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्याला सांभाळायचं आणि प्रत्येक फाट्यावर तो दिसेपर्यंत सुरक्षित जागी थांबायचं. आवाज तुटला तर कुणीही गाडी माघारी वळवायची नाही. आधी बाजूला थांबायचं, दहा मिनिटं वाट पाहायची, मग फोन करायचा. पुढचा थांबा कुठे, हे निघतानाच ठरलेलं असतं. त्यामुळे चुकामूक झाली तरी सगळे तिथेच भेटतात.

त्या सफरीत आम्ही गोल घुमटाच्या वरच्या सज्जात उभे राहिलो. 1656 साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीत एका बाजूला पुटपुटलेलं पलीकडच्या भिंतीशी उभ्या माणसाला स्पष्ट ऐकू येतं. एक तरुण सर हसत म्हणाले, "याला चार्जिंग लागत नाही." मी म्हटलं, "पण इथेही दोघांपैकी एकाला गप्प राहावं लागतं, तेव्हाच दुसऱ्याचं ऐकू येतं." तिथे आलेली पोरं एकाच वेळी ओरडत होती आणि कुणालाच काही कळत नव्हतं.

यंदा सुट्टीत निघणाऱ्यांना माझा एक सल्ला आहे. सगळी यंत्रं पूर्ण चार्ज करा, वायरी आणि पॉवर बँक तपासून घ्या. मग पहिले दहा किलोमीटर सर्वांचे इंटरकॉम बंद ठेवून गाड्या चालवा. कुणी मागे राहिलं का, कुणी घाबरून वेग वाढवला का, फाट्यावर सगळे थांबले का, हे पहिल्या चहाच्या टपरीवर बसून बोला. सगळे नीट पोहोचले असतील तर पुढे खुशाल यंत्रं सुरू करा. नसतील, तर चार्जर विकत घेण्याआधी गटाने एकत्र गाडी चालवायला शिकणं बाकी आहे.