दोन पाळण्यांमधील अंतर

जन्मतःच अदलाबदल झालेली मुले कथा-नाटकांना नवी नाहीत. बहुधा शेवटी रक्त आपली साक्ष देते, खरा वारस ओळखला जातो आणि प्रेक्षक समाधानाने घरी परततो. एत्येन शातिलिये या फ्रेंच दिग्दर्शकाच्या १९८८ सालच्या पहिल्याच चित्रपटाने हे समाधान नाकारले. ‘जीवन ही एक दीर्घ, शांत नदी’ अशा अर्थाचे त्याचे नावच उपरोधिक आहे.

कथा उत्तर फ्रान्समधील एका गावची. पत्नीला सोडण्यास तयार नसलेल्या डॉक्टरवर प्रेम करणारी परिचारिका नाताळच्या रात्री संतापाच्या भरात दोन नवजात अर्भकांची अदलाबदल करते. बारा वर्षांनी डॉक्टरची पत्नी वारते, तरीही तो तिचा स्वीकार करीत नाही. तेव्हा ती पत्रे लिहून सत्य उघड करते. वीज मंडळाच्या अधिकाऱ्याचे, धर्मनिष्ठ ल केनुआ कुटुंबाचे मूल मोमो हे दरिद्री ग्रोझेय कुटुंबात लबाड व चलाख बनलेले असते. ग्रोझेयांची बेर्नादेत ल केनुआंकडे शालीन कन्या म्हणून वाढलेली असते. रक्ताने कोठेही साक्ष दिलेली नसते.

समाजशास्त्रज्ञ बूर्दिय आणि पासरों यांनी १९६४ मध्येच दाखवून दिले होते की, सुस्थितीतील घरांतून मुलांना मिळालेली भाषा, रीतभात व अभिरुची यांनाच शाळा गुणवत्ता मानते. चित्रपटाने हेच हसत हसत सांगितले.

मग मुलाला चांगल्या घरात नेले की प्रश्न सुटला काय? ल केनुआ दांपत्य ग्रोझेयांना पैसे मोजते आणि मोमोला ‘दत्तक’ म्हणून घरी आणते. या औदार्याचा हिशेब मात्र अपुरा आहे. मोमो वर चढला. ज्यांच्यासोबत तो वाढला ती भावंडे होती तेथेच राहिली. शिडी तीच, पायऱ्या त्याच. केवळ एका पायरीवरील माणूस बदलला. आपला जन्म कोणत्या घरातला हे कळताच बेर्नादेतला वाटणारी किळसही जन्मजात नव्हे. गरिबांविषयीचा तो धडा ती सुखवस्तू घरातच शिकलेली असते.

एखाद्या हुशार मुलाला शिष्यवृत्ती देऊन वर काढणे स्तुत्यच होय. परंतु तेवढ्याने समता आली असे मानणारा समाज मोमोच्या भावंडांना विसरतो. कोणते मूल कोणत्या पाळण्यात पडले, यावर त्याचे भवितव्य ठरावे इतके अंतर त्या पाळण्यांत का असावे, हा खरा प्रश्न आहे.