सिस्टर आहे, पण औषधचिठ्ठीचा अधिकार नाही

सोलापूर : ताप असो, गरोदरपण असो, लसीकरण असो वा रक्तदाब, ग्रामीण भागातील माणूस प्रथम जातो तो उपकेंद्रातील 'सिस्टर'कडे. डॉक्टर त्यानंतर, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि विशेषज्ञ त्याहून पुढे, तालुक्याच्या गावी किंवा थेट सोलापुरात 'सिव्हिल'मध्ये. व्यवहारात प्राथमिक आरोग्यसेवेचा पहिला उंबरठा परिचारिकाच सांभाळते. कायद्याच्या लेखी मात्र ती आजही डॉक्टरांच्या आदेशाची अंमलबजावणी करणारी सहायक आहे. रुग्ण तपासणे, निदान करणे आणि ठरावीक मर्यादेत स्वतःच्या सहीने औषध लिहून देणे, असा अधिकार असलेल्या परिचारिकेला परदेशात 'नर्स प्रॅक्टिशनर' म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबाने अशी परिचारिका शोधायची ठरविली तर ती सापडणार नाही. तिचे बरेचसे काम करणाऱ्या मात्र गावोगाव सापडतील.

ही कल्पना मूळची अमेरिकेतील. कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर खेड्यात जायला तयार नव्हते, हे त्यामागचे कारण आपल्याकडे कुणाला समजावून सांगण्याची गरज नाही. आज तेथील निम्म्याहून अधिक राज्यांत असे पदवीधर डॉक्टरच्या देखरेखीविना रुग्ण तपासतात. इंग्लंडमध्ये २००६ पासून विशेष प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना बहुतेक सर्व औषधे लिहून देण्याची मुभा मिळाली.

भारतात याची चर्चा नवी नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात मध्यम स्तरावरील आरोग्यसेवकांचा आणि नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रमांचा उल्लेख आला. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर आरोग्यवर्धिनी केंद्रांत होऊ लागले आणि तेथे 'समुदाय आरोग्य अधिकारी' हे कंत्राटी पद निर्माण झाले. (२०२३ मध्ये या केंद्रांचे नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले, पाटी बदलण्याच्या कामात आपली यंत्रणा सहसा मागे राहत नाही.) अनेक राज्यांनी हे पद प्रामुख्याने परिचर्या पदवीधरांना दिले. महाराष्ट्राने मात्र आयुर्वेद व युनानी पदवीधरांनाही दार उघडले आणि परिचारिकांनाही. दोघांनाही सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा अभ्यासक्रम आणि दोघांच्या टेबलावर एकच पदनाम.

वस्तुतः येथेच खरी विसंगती आहे. महाराष्ट्र सरकारने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांखाली काढलेल्या अधिसूचनेने राज्यातील आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे वापरण्याची वाट मोकळी करून दिली. परिचारिकेसाठी तशी अधिसूचना नाही. त्यामुळे एका गावातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या चिठ्ठीला कायद्याचा आधार असतो, तर शेजारच्या गावातील त्याच पदावरील परिचारिकेच्या चिठ्ठीला तो नसतो.

याची झळ कुणाला बसते, हे रक्तदाबाच्या रुग्णावरून स्पष्ट होते. उपकेंद्रात रक्तदाब मोजला जातो, रक्तातील साखर तपासली जाते, नोंदही होते. पण पहिली गोळी सुरू करण्याचा निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचा. त्यानंतर परिचारिका दरमहा त्याच गोळ्या देऊ शकते. रक्तदाब उतरलाच नाही, तर मात्रा वाढविण्यासाठी पुन्हा केंद्र गाठावे लागते किंवा 'ई-संजीवनी'वर डॉक्टर पडद्यावर येण्याची वाट पाहावी लागते. ऊसतोडीला निघालेला मजूर किंवा एसटीच्या एकाच फेरीवर अवलंबून असलेली वृद्धा हा हेलपाटा किती वेळा घालणार? गोळ्या मध्येच सुटतात. त्याचा परिणाम अर्धांगवायू किंवा मूत्रपिंडाच्या विकाराच्या रूपाने काही वर्षांनी सिव्हिलच्या खाटेवर दिसतो.

आकड्यांचा हिशेबही हेच सांगतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख १७ हजार. त्यापैकी सुमारे २९ लाख ग्रामीण. सपाट प्रदेशात पाच हजार वस्तीमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष लावला तर जिल्ह्याला जवळपास ५८० उपकेंद्रे आणि ९७ केंद्रे लागतील. म्हणजे निकषातच डॉक्टर बसतो ती एक जागा आणि परिचारिका बसते त्या सहा.

डॉक्टरांच्या संघटनांचा विरोध मात्र केवळ व्यावसायिक मत्सर म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या ३२ व्या कलमात 'सामुदायिक आरोग्यसेवा पुरवठादारां'ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा ३१ जुलै २०१९ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशनने देशव्यापी बंद पुकारला. अर्धवट शिक्षितांच्या हाती ग्रामीण रुग्ण सोपविले जातील, हा त्यांचा आक्षेप होता. छत्तीसगडचा अनुभव या संदर्भात पाहण्यासारखा आहे. त्या राज्याने २००१ पासून तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून ग्रामीण वैद्यकीय सहायक तयार केले. २०१० च्या एका तुलनात्मक अभ्यासात, सर्वसाधारण आजारांवरील उपचारांत हे सहायक एमबीबीएस डॉक्टरांच्या बरोबरीने उतरले; आयुष डॉक्टर त्यांच्या मागे राहिले आणि उपचारांचे शिक्षण न घेता डॉक्टरच्या जागी काम करणाऱ्या परिचारिका व औषधनिर्माते सर्वांत मागे पडले. हे निष्कर्ष दोन्ही बाजूंना अडचणीचे आहेत. केवळ पदनाम देऊन परिचारिका उपचारक होत नाही आणि केवळ आयुर्वेदाची पदवी आहे म्हणून आधुनिक औषधांचे ज्ञान आपोआप येत नाही. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम दोघांनाही अपुराच आहे.

अर्थात, मर्यादित अधिकार देणे शासनाला जमतच नाही, असेही नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारे इंजेक्शन, गरोदरपणात झटके आल्यास मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, अशा जिवावरच्या प्रसंगांतील औषधे देण्याची मुभा आरोग्यसेविकांना केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी दिलेली आहे. २०१४ मध्ये तान्ह्या बाळाच्या जंतुसंसर्गात जेंटामायसिन टोचण्याची परवानगी त्यात आली. त्यामागे गडचिरोलीतील 'सर्च' संस्थेच्या कामाचा आधार होता. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या या संस्थेने गावातील प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बालकांची काळजी घेऊन तेथील मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये मांडले. सोलापूरच्या अगदी शेजारी, जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हीच वाट चोखाळली होती. मरणाच्या दारातील बाळाला इंजेक्शन देण्याइतका विश्वास जिच्यावर टाकला, तिला रक्तदाबाची गोळी वाढविता येऊ नये, याचे उत्तर वैद्यकशास्त्रात सापडणे कठीण आहे.

शहरातील चित्र वेगळे, पण प्रश्न तोच. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या कुटुंबांत दवाखान्यात जाणे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडविणे. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या वस्त्यांत रुग्णाची भाषा जाणणारी, त्याच गल्लीत राहणारी परिचारिका ही बाहेरून येणाऱ्या डॉक्टरपेक्षा अधिक जवळची असते. कुंभारी येथील रे नगर प्रकल्पातील १५ हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांना सुपूर्द झाली. इतकी कुटुंबे शहराबाहेर एकाच जागी राहायला जातात, तेव्हा प्राथमिक उपचारांसाठी रोज सिव्हिल गाठणे त्यांना परवडणारे नाही. तेथे अनुभवी परिचारिकेने स्वतःचे उपचार केंद्र काढावे म्हटले, तर आजच्या कायद्यात तिला इंजेक्शन, मलमपट्टी आणि शुश्रूषा एवढेच करता येईल आणि इंजेक्शनही दुसऱ्याच्या चिठ्ठीवर.

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा संमत केला. तरी औषध लिहून देण्याचा प्रश्न औषध नियमांशी बांधलेला आहे आणि तेथे राज्यांना अधिकार आहेत, हे १९९२ च्या अधिसूचनेनेच दाखवून दिले आहे. महाराष्ट्राला सुरुवात करायची तर रक्तदाब, मधुमेह, रक्तक्षय, साधे जंतुसंसर्ग यांच्या वीस-पंचवीस औषधांची यादी, किमान वर्षभराचे निवासी प्रशिक्षण आणि कोणत्या लक्षणावर रुग्ण ताबडतोब पुढे पाठवायचा याचे लेखी नियम एवढी सामग्री लागेल. चूक झाल्यास जबाबदारी परिचारिकेची, वैद्यकीय अधिकाऱ्याची की शासनाची, हेही त्यातच लिहावे लागेल. कंत्राटावर असलेल्या परिचारिकेने त्याशिवाय सही करावी, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही.