विश्लेषण : फाइल सिस्टिममधली 'लॉक' सोपी करणे का महत्त्वाचे?

अँड्रॉइड फोनवर कॅमेरा फोटो साठवत असतो, त्याच वेळी एखादे अ‍ॅप व्हिडीओ डाऊनलोड करत असते आणि आपण जुन्या फायली हलवत असतो. ही कामे एकमेकांच्या पायात येऊ नयेत, ही जबाबदारी अँड्रॉइडच्या मुळाशी असलेल्या लिनक्स कर्नलची. त्यासाठीचे साधन म्हणजे 'लॉक'.

लॉक कशासाठी?

दोन कामांनी एकाच फोल्डरच्या नोंदी एकाच क्षणी बदलल्या, तर फाइल हरवू शकते. म्हणून आधी लॉक घ्यायचे, बदल करायचा, मग लॉक सोडायचे. पण लॉक दोन झाली की नवा धोका येतो. एक काम 'अ' फोल्डर अडवून 'ब'ची वाट पाहते, दुसरे 'ब' अडवून 'अ'ची. दोन्ही कायमची अडकतात. हाच डेडलॉक.

एकच मोठे लॉक का चालले नाही?

१९९६ मध्ये लिनक्स २.० एकापेक्षा जास्त प्रोसेसर हाताळू लागले, ते संपूर्ण कर्नलला एकच 'बिग कर्नल लॉक' लावून. म्हणजे एका वेळी एकच प्रोसेसर कर्नलमध्ये. शिवाय लॉक धरलेले काम मध्येच थांबले, की ते लॉक आपोआप सुटायचे. त्यामुळे नेमके कशाचे रक्षण होते आहे, हे कोड वाचून कळेनासे झाले. ते पूर्ण काढून टाकायला २०११ साल उजाडले.

मग सोपे म्हणजे काय?

लॉकची संख्या कमी म्हणजे सोपे नव्हे. नियम थोडे आणि पक्के म्हणजे सोपे. फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवताना लिनक्स त्या फाइल सिस्टिमवरची अशी दुसरी हलवाहलव रोखून धरते आणि लॉक ठरलेल्या क्रमानेच घेते : वरचे फोल्डर आधी, त्याच्या आतले नंतर. हा क्रम कुठे मोडतो का, हे २००६ पासून 'लॉकडेप' ही तपासणी यंत्रणा पाहते. नियम स्पष्ट असले की वेगही वाढवता येतो. २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून एकाच फोल्डरमध्ये अनेक कामे एकदम फायली शोधू शकतात.

लॉकमधली चूक चाचणीत क्वचितच सापडते. ती उघडी पडते वापरणाऱ्याच्या फोनवर किंवा सर्व्हरवर. म्हणून नवख्या प्रोग्रामरलाही वाचून कळेल असा क्रम राखण्यासाठी थोडा वेग सोडावा लागला, तरी तो व्यवहार तोट्याचा नाही.