अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, हा धडा ऑप्शनला टाकू नका

बीए-एमएच्या वर्गात लिनिअर प्रोग्रॅमिंगचा धडा आला की बरीच मुले तो ऑप्शनला टाकतात. आलेखाचे एक उदाहरण पाठ करायचे, सिंप्लेक्सचा तक्ता जमला तर जमला, नाहीतर दुसरा प्रश्न सोडवायचा. माझी कळकळीची विनंती आहे, यंदा असे करू नका. मर्यादित साधने आणि त्यांचे पर्यायी उपयोग ही रॉबिन्सची व्याख्या तुम्ही पहिल्या वर्षापासून लिहीत आला आहात. ती व्याख्या आकड्यांत उतरलेली पाहायची असेल तर ती इथे दिसते.

भीती बसते ती तक्त्यामुळे. म्हणून सुरुवातीला तक्ता बाजूला ठेवा आणि एखादा व्यवहार स्वतः समीकरणांत मांडायला शिका. समजा, एका शेतकऱ्याकडे 5 एकर जमीन आहे. एक एकर एकदा भिजवले की एक पाळी धरू. विहिरीचे पाणी रब्बीत अशा 22 पाळ्यांना पुरते. कांद्याला एकरी 8 पाळ्या लागतात, हरभऱ्याला 2. कांदा एकरी 40,000 रुपये देतो, हरभरा 16,000. (आकडे हिशोबासाठी धरलेले आहेत, बाजारभाव म्हणून वाचू नका.) सगळा हरभरा केला तर 80,000 रुपये मिळतात आणि 12 पाळ्या पाणी शिल्लक राहते. सगळे पाणी कांद्याला दिले तर पावणेतीन एकरांतच ते संपते, बाकी रान पडीक राहते आणि हाती 1,10,000 येतात. 2 एकर कांदा आणि 3 एकर हरभरा केला तर जमीनही पुरती वापरली जाते आणि पाणीही, उत्पन्न होते 1,28,000. आलेखावरचे कोपरे म्हणजे हेच तीन पर्याय, चौथा कोपरा काहीच न पेरण्याचा.

बहुतेक जण इथे उत्तराखाली रेघ मारतात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मात्र इथून पुढे जायलाच हवे. आणखी एक पाळी पाणी मिळाले तर उत्पन्न कितीने वाढेल? करून पाहा, 4,000 रुपयांनी. आणखी एक एकर जमीन मिळाली तर? 8,000 रुपयांनी. ह्या त्या साधनांच्या छाया किमती. आता शेजारी पाळीला 3,000 रुपये मागत असेल तर पाणी घ्यावे, आणि कोणी एकरी 10,000 खंडाने रान देत असेल तर नको म्हणावे. पाच एकरांना 5 × 8,000 आणि 22 पाळ्यांना 22 × 4,000 धरून बेरीज करा, बरोबर 1,28,000 येते. साधनांची एकूण किंमत आणि उत्पन्न यांचा असा मेळ बसतो, याला द्वैत म्हणतात. सीमांत मूल्याचा जो सिद्धांत तुम्ही वक्ररेषा काढून शिकलात, तोच इथे बेरीज-वजाबाकीत हाती लागतो. आणि लक्षात ठेवा, हा 4,000 चा दर कायमचा नाही. पाणी 40 पाळ्यांपर्यंत वाढले की पाचही एकरांत कांदा होतो. त्यापुढे पाणी कितीही मिळाले तरी त्याची छाया किंमत शून्य.

या किमतींना इतिहासही आहे. लेनिनग्राडच्या लिओनिद कांटोरोविच यांच्याकडे प्लायवुड उद्योगातल्या यंत्रांच्या वाटपाचा प्रश्न आला आणि त्यातून 1939 मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली. गणितातून आपोआप किमती बाहेर पडत होत्या, आणि नियोजित अर्थव्यवस्थेत ही गोष्ट पचायला जड होती. साधनांच्या सर्वोत्तम वापरावरचे त्यांचे पुस्तक छापून यायला 1959 साल उजाडले. 1975 चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना आणि कूपमन्स यांना मिळाले. सिंप्लेक्सची रीत 1947 मध्ये देणारे जॉर्ज डँट्झिग त्यात नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते. पुढे आयआयटी मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी 1984 मध्ये प्रचंड मोठ्या प्रश्नांसाठी वेगळी वाट दाखवली. तिचे गणित आत्ता नाही समजले तरी चालेल.

हाताने दोन-चार उदाहरणे झाली की संगणकावर या. लिब्रेऑफिस कॅल्क फुकट मिळते, त्यात सॉल्व्हर आहे. एक्सेलमध्येही आहे, आणि त्याच्या सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये शॅडो प्राइसचा रकाना असतो. आधी तो रकाना वाचा. कांदा-हरभऱ्याचे उदाहरण घालून 4,000 आणि 8,000 येतात का ते पडताळा.

मग पूर्णांकांकडे वळा. हा भाग घाईने उरकला जातो. एका बचत गटाला डाळ मिल काढायची आहे. स्वयंचलित यंत्र 6 लाखांचे, एका माणसावर चालते आणि वर्षाला 5 लाख मिळवून देते. साधे यंत्र 4 लाखांचे, त्याला दोन माणसे लागतात, मिळकत 4 लाख. गटाकडे 24 लाख रुपये आणि 6 माणसे आहेत. लिनिअर प्रोग्रॅमिंग सांगते, 3 स्वयंचलित आणि दीड साधे. अर्धे यंत्र कोण विकणार? दीडचे दोन करावेत तर पैसेही कमी पडतात आणि माणसेही. एक करावे तर मिळकत 19 लाख. खरे उत्तर आहे 4 स्वयंचलित, साधे एकही नाही, मिळकत 20 लाख. नुसते जवळच्या आकड्यावर आणून ते सापडत नाही.

ते शोधायची रीत आइल्सा लँड आणि ॲलिसन डॉइग या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या दोघींनी 1960 मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’त, म्हणजे आपल्याच विषयाच्या नियतकालिकात मांडली. साधी यंत्रे ‘एक किंवा कमी’ आणि ‘दोन किंवा जास्त’ अशा दोन फांद्या करा. दुसऱ्या फांदीत 18 लाखांच्या वर जाता येत नाही. पहिलीत स्वयंचलित यंत्रे सव्वातीनच्या थोडी वर निघतात, म्हणून तिला पुन्हा ‘तीन किंवा कमी’ आणि ‘चार किंवा जास्त’ अशा फांद्या फोडा. एकीकडे 19 मिळतात, दुसरीकडे 20. एवढे झाड वहीच्या एका पानात मावते, स्वतः काढून बघा.

त्याच पानावर पुढचा प्रश्न लिहा: गटाने कर्ज काढावे का? अपूर्णांक चालत असते तर पैशाची छाया किंमत दर लाखामागे 75,000 निघते. पूर्णांकांत 25, 26, 27 लाख केले तरी मिळकत 20 लाखांवरच अडते. 28 लाख झाले की चार स्वयंचलित आणि एक साधे बसते, आणि ती एकदम 24 लाखांवर जाते. यंत्रांवर पूर्णांकाची अट घातली की एक्सेल सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट देत नाही, त्याचे कारण हेच. बँकेत जाणाऱ्या गटाला तीन लाखांचे कर्ज काढू नका, चार लाखांचे काढा किंवा काढूच नका, असे तुम्हाला हिशोब मांडून सांगता आले पाहिजे.