आधी थंडावा, मग दवाखाना

उन्हाळा आपल्याला नवा नाही. डोक्याला पंचा, खिशात कांदा आणि घरी आल्यावर पन्हे किंवा ताक, एवढ्यावर आपल्या कित्येक पिढ्यांनी वैशाखवणवा काढला. त्यामुळेच ‘ऊन लागणे’ ही किरकोळ तक्रार आहे, सावलीत पडले की बरे वाटेल, असा समज रुजला. तो किती महागात पडू शकतो, हे १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरमध्ये दिसले. महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो माणसे उघड्या मैदानावर तासन्‌तास उन्हात बसली होती. त्यातील १४ जणांचा बळी गेला. त्या दिवशी जवळच्या हवामान केंद्रावर पारा ३८ अंशांच्या आसपास होता. चंद्रपूर-अकोल्यात एवढ्या आकड्याची कोणी दखलही घेत नाही.

मग माणसे दगावली कशी? आपले शरीर मुख्यतः घामाने थंड होते, पण नुसता घाम येऊन भागत नाही. तो वाळावा लागतो. किनारपट्टीच्या दमट हवेत घाम निथळतो, वाळत नाही आणि उष्णता आतच कोंडते. म्हणूनच हवामान विभाग उष्णतेची लाट ठरवताना मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंशांचा निकष लावतो, तर किनारपट्टीसाठी ३७ अंशांचा. ‘आमच्याकडे कुठे पंचेचाळीस असते’ म्हणून मुंबई-ठाणेकरांनी किंवा कोकण-गोव्यातल्या लोकांनी निर्धास्त राहू नये.

उन्हाचा त्रास बहुधा पायरीपायरीने वाढतो. आधी खूप घाम, थकवा, डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, भोवळ. माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो. त्याला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत, घोटघोट पाणी किंवा ओआरएस द्यावे. अर्ध्या तासात उतार पडला नाही किंवा उलट्या होऊ लागल्या तर डॉक्टर गाठावा.

उष्माघात ही याच्या पुढची आणि जीवघेणी अवस्था. शरीराच्या आतले तापमान ४० अंशांपलीकडे जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस असंबद्ध बोलतो, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येत नाही, तोल जातो, विनाकारण चिडतो, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. ‘अंग कोरडे पडले, घाम थांबला तरच उष्माघात’ ही समजूत अर्धवट आहे. बांधकामावर, शेतात किंवा धावण्याच्या सरावात कोसळलेल्या माणसाचे अंग घामाने ओलेचिंब असू शकते. तेव्हा आधी वागण्या-बोलण्याकडे पाहा. भर दुपारी झोकांड्या खाणाऱ्या मजुराला ‘प्यायला असेल’ म्हणून सोडून देणे किंवा पत्र्याच्या खोलीत ग्लानीत पडलेल्या आजोबांना ‘वय झाले’ म्हणून झोपू देणे, या चुका जिवावर बेततात.

अशा वेळी एकाने १०८ ला फोन करावा आणि बाकीच्यांनी गाडीची वाट न पाहता रुग्णाला थंड करायला लागावे. सावलीत न्या, जाडजूड कपडे काढा. अंगावर पाणी ओता किंवा ओल्या चादरीने, साडीने अंग भिजवत राहा आणि जोराने वारा घाला. बर्फ मिळाला तर कापडात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. धडधाकट तरुण मेहनत करताना कोसळला असेल आणि पाण्याचे टाके जवळ असेल, तर डोके बाहेर धरून त्याला गळ्यापर्यंत थंड पाण्यात ठेवणे हा सर्वांत जलद उपाय. पहिल्या अर्ध्या तासात तापमान खाली आले तर जीव वाचण्याची आशा पुष्कळ वाढते. उशीर झाला तर मेंदू, यकृत आणि मूत्रपिंडांना कायमची इजा होऊ शकते. रुग्णवाहिकेतही हा थंडावा चालूच राहायला हवा.

काय करू नये, तेही सांगायला हवे. शुद्ध नीट नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी इथे चालत नाही, कारण हा जंतुसंसर्गाचा ताप नव्हे. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि भोवती गर्दी करून वारा अडवू नका.

पण सगळा भार रस्त्यावरच्या माणसावर टाकून चालणार नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून शिकून त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला: लोकांना आगाऊ इशारे, डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण, पाण्याची सोय. आपल्याकडेही आता आराखडे आहेत. ते कागदावर आहेत की कामावर, याची परीक्षा दुपारी बारा ते तीन या वेळेत होते. त्या वेळेत ठेकेदार काम थांबवतो का, सभेच्या मांडवात सावली, पाणी आणि बर्फ असतो का, लग्नाचा मुहूर्त गोरज साधता येतो का, हे प्रश्न प्रत्येक आयोजकाला विचारले गेले पाहिजेत. मंचावर छत आणि श्रोत्यांना ऊन, ही रीत तर आता बंदच व्हायला हवी.

आणि तोवर, उन्हात कोणी बरळताना दिसले तर पाण्याची बादली शोधा. डॉक्टर येईपर्यंतचे उपचार आपल्याच हातात आहेत.