एका मुठीवरून गाडीचा भाव

जुन्या शहरातील आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस आमचे सांगणे एवढेच की, पोर धडा घडाघडा वाचते म्हणून संतोष मानू नका. "बाळ, या साऱ्यांवरून एकंदर काय दिसले?" असे त्यास विचारा.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. दानदक्षिणा, कचेरीतील लाच, कर्ज, शेतीची दैना, हे सारे त्यांनी एक एक करून तपासले. आणि या सर्वांच्या मुळाशी अविद्या आहे, असा सिद्धांत मांडला. दाखले जमवावे, मग नियम काढावा, हीच खरी रीत होय.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण भात एकाच हंडीतला. पण वरची एक मूठ पाहून कापसाच्या साऱ्या गाडीचा भाव कोणी पाडला, तर आपण गप्प बसाल काय? मग गोष्टीतला एक मनुष्य लबाड निघाला म्हणून त्याची सारी जातच लबाड, असे मूल म्हणू लागले तर त्यास तेथेच अडवा. "आणखी दोन दाखले आण, आणि उलट एक शोध," असे सांगा. अशाच उतावळ्या नियमांनी आपल्या वाडवडिलांस हीन ठरविले होते.

ज्यास नियम काढता येतो, त्यासच दुसऱ्याने लादलेला नियम तपासता येतो. विद्या ती हीच. बाकी नुसते पाठांतर.